भिंतीला ओल आली, खर्च कोणाचा?

जुलै अर्धा सरला की भिवपुरी रोड स्टेशनच्या आसपासच्या नव्या इमारतींत ठरलेली बोलाचाली सुरू होते. बेडरूमच्या भिंतीला ओल धरते, रंगाचे पोपडे सुटतात, बाथरूमला लागून असलेल्या कपाटाची प्लाय फुगते. बिल्डरचा माणूस म्हणतो, वरच्यांनी टाइल्स बदलल्या, आमचा संबंध संपला. वरचे म्हणतात, पाईप बिल्डरनेच टाकलेत. सेक्रेटरी म्हणतात, आतली गळती सोसायटीकडे येत नाही. प्लंबर म्हणतो, फोडल्याशिवाय काही सांगता येणार नाही. चौघेही थोडेथोडे खरे बोलत असतात, म्हणूनच भांडण मिटत नाही.

नेरळ ते कर्जत या पट्ट्यात दोन प्रकारचे घरमालक आहेत. मुंबई-ठाण्यात घर परवडले नाही म्हणून इथे आलेले आणि रोज लोकलने जा-ये करणारे नोकरदार, आणि शनिवार-रविवारपुरते येणारे. दोघेही ‘घराला वॉरंटी आहे’ असे ठामपणे सांगतात. ती कोणी दिली, कशावर दिली आणि कधी संपते, हे विचारले की घोडे अडते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या कर्जत तालुक्यात हे माहीत नसणे महागात पडते.

वॉरंटी एक नाही, कागद पाच

अमेरिकेत असलेली मुले फोनवर ‘होम वॉरंटी’ म्हणतात ती वेगळी चीज आहे. तिथे घरमालक दरवर्षी एका कंपनीला ठरावीक रक्कम भरतो. वापराने झिजून नळ, गिझर किंवा पाईप बिघडला की कंपनी कारागीर पाठवते आणि प्रत्येक भेटीची वेगळी फी घेते. आधीपासून असलेला बिघाड ती धरत नाही, आणि खर्चालाही वरची मर्यादा असते.

आपल्याकडे तसा एकच करार सर्रास मिळत नाही. ते काम पाच कागदांत वाटलेले आहे : बिल्डरशी केलेला विक्री करार, नळ-पाईपांच्या कंपन्यांची वॉरंटी कार्डे, प्लंबिंगचा वार्षिक देखभाल करार (ज्याला सगळे एएमसी म्हणतात), घराचा विमा आणि सोसायटीचे उपविधी. प्रत्येक कागद वेगळ्या कारणाने आलेले पाणी धरतो. बांधकामातला दोष बिल्डरकडे, वस्तूतला दोष कंपनीकडे, रोजची झीज तुमच्याकडे किंवा एएमसीकडे, अचानक झालेला अपघात विम्याकडे आणि सामाईक लाईन सोसायटीकडे. त्यामुळे पाणी कुठून येते हे ठरले की पैसे कोणी द्यायचे हेही बहुतेक वेळा ठरते. भिंत फोडण्याआधी करायचे काम हेच.

कायद्याने दिलेली पाच वर्षे

सर्वांत वजनदार कागद विक्री कराराचा, कारण त्याच्यामागे रेरा कायदा उभा आहे. २०१६च्या या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातला किंवा कारागिरी, दर्जा आणि सेवासुविधांमधला दोष खरेदीदाराने निदर्शनास आणला, तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यायचा आहे. केला नाही तर खरेदीदार भरपाईला पात्र ठरतो.

पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची लाईन ही सेवा आहे, आणि सांधा नीट न चिकटवणे ही कारागिरी. त्यामुळे ‘पाच वर्षे फक्त कॉलम-बीमची, प्लंबिंगचे एकच वर्ष’ असे साइट ऑफिसात सांगितले गेले तर मान डोलवू नका. कायद्यात असा भेद केलेला नाही. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, २०२२ साली विकासकांना बजावले आहे की, आदर्श करारातले दोषदायित्वाचे कलम सोयीने बदलता येणार नाही.

तीन गोष्टी मात्र नीट समजून घ्याव्यात.

पहिली, मुदत ताब्याच्या तारखेपासून मोजली जाते, बुकिंगच्या किंवा नोंदणीच्या नाही. म्हणून ताबापत्र जपून ठेवा.

दुसरी, घर रीसेलने घेतले असले तरी उरलेली वर्षे तुम्हाला मिळतात. कायद्यातल्या खरेदीदाराच्या व्याख्येत पुढे विक्रीने किंवा हस्तांतराने घर घेणाराही येतो. मूळ मालकाकडून ताबापत्राची प्रत आणि बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार मागून घ्या.

तिसरी, ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प रेरा नोंदणीतून सुटतात. या भागात अशा छोट्या इमारती आणि बंगल्यांच्या स्कीम पुष्कळ आहेत. तिथे आधार कराराचा आणि १९६३च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याचा. मोफामध्ये दोष कळवण्याची मुदत तीन वर्षांची आहे. स्वतःच्या एनए (बिगरशेती) प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेत असाल, तर तुमची वॉरंटी तुम्हीच लिहायची आहे. गळतीची जबाबदारी किती वर्षे ते करारात घाला आणि ठरलेल्या रकमेचा काही हिस्सा एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत हातात राखून ठेवा. ऑक्टोबरमध्ये भिंती कोरड्या दिसल्या की तो द्यावा.

करारातली बारीक अक्षरे

आता कराराची प्रत बाहेर काढा आणि ‘डिफेक्ट लायबिलिटी’चे कलम शोधा. त्याच्या पोटात बहुधा ‘परंतु’ने सुरू होणारी वाक्ये असतात, आणि दावे तिथेच अडकतात.

नळजोडण्या, पाईप, बाथरूम, संडास किंवा स्वयंपाकघर यांत बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय फेरबदल केला तर जबाबदारी संपते, असे एक वाक्य असते. म्हणजे ताबा मिळाल्यावर लगेच ‘टाइल्स आवडल्या नाहीत’ म्हणून बाथरूम उखडले, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी नवा पॉइंट काढला, किंवा प्रेशर कमी वाटते म्हणून स्वतःचा बूस्टर पंप बसवला, की बिल्डरला बोट दाखवायला जागा मिळते. करायचेच असेल तर आधी मेल करून लेखी होकार घ्या. काम सुरू होण्यापूर्वी आणि टाइल उखडल्यावर फोटो काढा.

नेहमीची झीज, निष्काळजी वापर आणि निसर्गाचा कोप वगळल्याचे दुसरे वाक्य असते. टाइल्सच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट किंवा इपॉक्सी वेळोवेळी भरणे ही सदनिकाधारकाची जबाबदारी, असे तिसरे. ते क्षुल्लक वाटते, पण बाथरूमच्या गळतीत बिल्डर पहिल्यांदा तेच काढतो. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, सांधे भरून घ्या आणि त्याची पावती ठेवा.

काही करारांत दावा करण्यापूर्वी तज्ज्ञाकडून पाहणी करून घेण्याची अट असते. ती असेल तर पाहणी कोणी करायची, खर्च कोणाचा आणि किती दिवसांत, हे पहिल्याच पत्रात विचारा. नाहीतर ‘सर्व्हेअर यायचाय’ या सबबीवर पावसाळा निघून जातो.

आधी पाण्याचा माग काढा

पाईपमधून उतरणाऱ्या पाण्याची ताकद भिवपुरीला नवी नाही. ठोकरवाडी धरणाचे पाणी घाटमाथ्यावरून पाईपांतून खाली आणून इथल्या टाटांच्या वीजगृहात १९२२ सालापासून वीज तयार होते. तोच नियम इमारतीतही लागू असतो. टाकीपासून दर दहा मीटर खाली आल्यावर पाण्याचा दाब सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर वाढतो. सात मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीचे पाणी तळमजल्याला पोचते तेव्हा दाब दोन किलोच्या वर गेलेला असतो. म्हणून कच्चा सांधा वरच्या मजल्यावर तग धरतो आणि खालच्या मजल्यावर लवकर सुटतो. रात्री सगळे नळ बंद असतात तेव्हा लाईनवर हा दाब पुरा बसतो.

ओल कधी वाढते ते आठ-दहा दिवस वहीत लिहा. अर्धे निदान तिथेच होते.

*बारा महिने, चोवीस तास ओल असेल* तर संशय भिंतीतल्या पुरवठ्याच्या लाईनवर घ्या. आजकाल ही लाईन बहुधा सीपीव्हीसीची असते. सॉल्व्हंट लावल्यावर एल्बो किंवा टी पुरेसा वेळ धरून न ठेवणे, सुकण्याआधी पाणी सोडणे, नळाच्या जागी पितळी थ्रेड जास्त आवळल्याने बारीक चीर पडणे, ही नेहमीची कारणे. तपासण्याची सोपी रीत म्हणजे फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवून आठवडाभर पाहणे. शनिवार-रविवारपुरते येणाऱ्यांना हे सहज जमते. ओल पसरायची थांबली आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर पुन्हा वाढली, तर लाईन गळते. पक्का पुरावा हवा असेल तर प्लंबरला हातपंपाने प्रेशर टेस्ट करायला सांगा. नळांच्या जागी प्लग लावून लाईनमध्ये दाब भरतात आणि गेजचा काटा पाहतात. काटा उतरला की गळती आहे. सुरुवातीचा आकडा आणि अर्ध्या तासानंतरचा आकडा, दोन्हींचे फोटो घ्या.

*अंघोळीनंतर किंवा कपडे धुतल्यावरच ओल वाढत असेल* तर सांडपाण्याची बाजू तपासा : नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा, टाइल्सचे सांधे किंवा खालचे वॉटरप्रूफिंग. ट्रॅपमध्ये बादलीभर गडद रंगाचे पाणी ओता. खालच्या फ्लॅटच्या छताला रंग उतरला तर ट्रॅप किंवा त्याचा पाईप दोषी. उतरला नाही तर ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलची खूण करा आणि २४ तास ठेवा. पाणी खुणेच्या बरेच खाली गेले आणि खाली ओल वाढली, तर वॉटरप्रूफिंग गेले आहे. ही चाचणी खालच्या शेजाऱ्यांना सांगून आणि त्यांच्या समोर करा. पुढे तेच साक्षीदार ठरतात.

*फक्त पावसात ओल येत असेल* तर पाईपला दोष देऊ नका. खिडकीचा कट्टा, बाहेरच्या भिंतीची चीर, गच्चीचा उतार किंवा पावसाच्या पाण्याचा पाईप पाहा. बाहेरच्या डक्टमधला पाईप सांध्यातून उडत असेल तर भिंतीला उभा पट्टा पडतो आणि त्यावर शेवाळ धरते. तळमजल्यावर जमिनीलगत सुरू होऊन वर चढणारी ओल असेल तर जोत्यातून येणाऱ्या ओलाव्याचाही विचार करावा लागतो.

हे सगळे झाल्यावरच फोडायचे ठरवा. आधी फोडले, सांधा बदलला, टाइल लावली आणि मग बिल दाखवले, तर दोष काय होता हे सिद्ध करणारी वस्तूच हातातून जाते. घरात पाणी भरत असेल तर थांबू नका, पण काढलेला पाईपचा तुकडा पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा.

कार्ड, एएमसी आणि विमा

नळ, शॉवर, फ्लश टँक यांच्या वॉरंटी कार्डात मोठ्या अक्षरात वर्षे असतात आणि लहान अक्षरात अटी. क्षार साचणे, प्लेटिंगवर डाग पडणे, वॉशरसारखे झिजणारे भाग आणि अनधिकृत कारागिराने केलेली जोडणी बहुधा वगळलेली असते. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या इमारतींत शॉवरची भोके आणि अँगल कॉक क्षाराने धरतात, ते दाव्यात बसत नाही. कंपनी खराब भाग बदलून देते, पण त्यासाठी फोडलेल्या टाइल्सचा खर्च सहसा धरत नाही. ताबा घेताना बिल्डरकडून कार्डे आणि बिलांच्या प्रती मागून घ्या. पाईपवर आयएसआय खूण असते. पिण्याच्या पाण्याच्या सीपीव्हीसी पाईपसाठी आयएस १५७७८ हे मानक आहे. भिंत उघडलीच तर त्या छपाईचाही फोटो घ्या.

एएमसी करताना गोड बोलण्यावर जाऊ नका. भेटी किती, सुटे भाग त्यात आहेत की फक्त मजुरी, भिंतीतली लाईन धरली आहे का, फोडलेले पूर्ववत कोण करणार, आणि पावसाळ्यात फोन केल्यावर किती तासांत माणूस येणार, एवढे लेखी घ्या. स्वस्त एएमसीत बहुधा वॉशर बदलणे आणि तुंबलेले सिंक मोकळे करणे एवढेच असते. बाकीच्याचे बिल वेगळे येते.

विम्याचा हिशेब निराळा आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड यांबरोबरच पाण्याच्या टाक्या आणि पाईप फुटून किंवा भरून वाहून झालेले नुकसानही तिच्यात आहे. इमारतीचा विमा काढला की घरातल्या सामानाला आपोआप इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. बंद घरात पाईप फुटला आणि सोफा, गादी, टीव्ही भिजले, तर इथे दाद मागता येते. सांध्यातून महिनोन्महिने झिरपून खराब झालेली भिंत विमा धरत नाही, ती झीज किंवा दोष. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हे या मार्गावरच्या कोणालाही सांगायला नको. नदीकाठच्या घरांनी विमा टाळू नये. गृहकर्ज असेल तर बँकेने आधीच पॉलिसी काढलेली असू शकते. ती फक्त इमारतीची आहे की सामानाचीही, हे पाहा.

सोसायटीचा वाटा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या पाण्याच्या लाईन, पंप, टाक्या, ड्रेनेज लाईन, सेप्टिक टँक, गच्ची, बाहेरच्या भिंती आणि पावसाच्या पाण्याची गळती या दुरुस्त्या सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या आहेत. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा खराब झाला तर तोही सोसायटीकडे. फ्लॅटमधल्या संडास-सिंकच्या गळतीचा खर्च मात्र संबंधित सदनिकाधारकाचा. वरच्याच्या नहाणीतून खाली पाणी येत असेल तर खर्च वरच्याने करायचा, पण तो ऐकत नसेल तर सोसायटीने मध्ये पडायचे.

पाच वर्षे संपलेली नसतील तर सामाईक लाईनचा दोषही बिल्डरच्या गळ्यात घालता येतो. अशा वेळी एकेकट्याने भांडू नये. सहा फ्लॅटना एकाच डक्टमधून ओल येत असेल तर सहाही जणांनी सही केलेले एकच पत्र द्या.

पत्र असे लिहा

व्हॉट्सॲपवरची ‘सर प्लीज लवकर बघा’ ही तक्रार पुढे टिकवणे कठीण जाते. मेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. मजकूर साधा असावा :

> विषय : सदनिका क्र. … मधील पाणीपुरवठा लाईनमधील दोष. रेरा कायदा २०१६, कलम १४(३) अन्वये दुरुस्तीची मागणी.
>
> महोदय,
>
> वरील सदनिकेचा ताबा मला दि. … रोजी मिळाला. दि. … पासून मोठ्या बेडरूमच्या बाथरूमलगतच्या भिंतीला जमिनीपासून सुमारे दोन फुटांपर्यंत ओल आहे. दि. … रोजी प्रेशर टेस्ट केली असता अर्ध्या तासात गेजचा काटा … वरून … वर आला. फोटो व नोंदी सोबत जोडल्या आहेत. सदनिकेतील नळजोडण्यांत कोणताही फेरबदल केलेला नाही. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत दोष विनाशुल्क दुरुस्त करावा, तसेच त्यासाठी फोडलेल्या टाइल्स, गिलावा व रंग पूर्ववत करून द्यावा. पाहणीसाठी येण्याची तारीख व वेळ लेखी कळवावी.

माणूस आला, पाहून गेला, तर त्याच दिवशी ‘आज आपले प्रतिनिधी पाहून गेले, त्यांनी अमुक कारण सांगितले’ असा मेल टाका. वरून नुसती पुटी आणि रंग मारून जात असतील तर ‘मूळ सांधा दुरुस्त झालेला नाही’ हेही लिहा. रंगाखालची ओल पुढच्या पावसात परत येते.

दाद कुठे मागायची

३० दिवस उलटूनही कानावर हात असतील तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क ५,००० रुपये. त्याआधी समेटाचा मार्ग आहे : महारेराने २०१८ पासून सलोखा मंच चालवला आहे आणि त्यात मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांचे प्रतिनिधी बसतात. रायगड जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. तिथे तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असली पाहिजे. २० ते ५० लाखांच्या घरासाठी शुल्क १,००० रुपये. एएमसीवाला किंवा नळाची कंपनी दाद देत नसेल तर आयोगच योग्य जागा, कारण पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा.

शेवटचा पावसाळा मोजून ठेवा

पाच वर्षांत पाच पावसाळे असतात, आणि गळतीची साक्ष पावसाळाच देतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ताबा मिळाला असेल तर मुदत फेब्रुवारी २०२७ मध्ये संपते आणि २०२६चा पावसाळा शेवटचा. त्या ऑगस्टमध्ये सोसायटीने प्रत्येक मजल्यावरचा डक्ट, गच्ची, टाक्या आणि सेप्टिक टँक पाहून घ्यावेत, प्रत्येक फ्लॅटकडून ओलीची यादी मागवावी आणि सप्टेंबरअखेर फोटोंसह एकच पत्र बिल्डरला द्यावे. दोष मुदतीत कळवणे हे तुमचे काम, आणि मुदतीत कळवलेला दोष पुढे दुरुस्त व्हायला वेळ लागला तरी हक्क बुडत नाही. न कळवलेल्या दोषाचा खर्च मात्र पुढच्या वर्षीपासून सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून किंवा तुमच्या खिशातून जातो. ताबापत्रावरची तारीख आजच बघा.